शोभाकाकू मेमरी ताणतात

नवतप्यात, मेअखेरीच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात, तुम्ही शोभाकाकूंकडे गेलात तर कूलरची हवा तुम्हाला लागणार नाही. बाहेर नागपूर भाजून निघत असतं, पाहुणा सोफ्यावर रुमालानं वारा घेत असतो आणि कूलरचं तोंड असतं कॉम्प्युटरकडे. तेही पाण्याचा पंप बंद करून, नुसता पंखा. ओलसर हवा कॉम्प्युटरला सोसत नाही. पाहुण्यानं फारच आशेनं पाहिलं तर काकू म्हणतात, "तुमाले पाणी पेता येते. त्याले येते का?"

शोभाकाकू मेश्राम आमच्या घरमालकीण. मानेवाड्यात त्या आणि आतल्या खोलीतून सहसा बाहेर न येणारे काका खाली राहतात, आम्ही वर भाड्यानं. आयुष्यभर त्यांनी मुलींना शिवण शिकवलं. आता शिलाई मशीन कोपऱ्यात गेली आहे आणि तिच्या टेबलावर कॉम्प्युटर बसला आहे. काकूंना नाद आहे तो त्याची मेमरी पळवण्याचा. कंपनीनं मेमरीचा एक वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्याहून जास्त वेगानं ती चालवायची. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून धरलं की बायोस नावाचा आकड्यांनी भरलेला पडदा उघडतो. तिथं वेग वाढवायचा, व्होल्टेज किंचित चढवायचं आणि मग तासन्‌तास चाचणी लावून मेमरीला हे झेपतं का ते पाहायचं. हे सगळं त्या मोबाइलवरचे हिंदी व्हिडिओ बघून शिकल्या, पण बोलतात मात्र शिवणाच्या भाषेत. व्होल्टेज म्हणजे धाग्याचा ताण. चाचणीत चूक निघाली की 'टाका सुटला'. उसवेपर्यंत ताणायचं आणि मग थोडं सैल सोडायचं, हे त्यांचं धोरण.

एकदा दुरुस्तीवाला आला होता. तो कळवळून म्हणाला, आजी, कंपनीनं विचार करूनच आकडा ठरवलेला असतो, तुम्ही हात लावू नका. काकूंनी त्याच्या हातात चहा दिला.

"कंपनी त ब्लाउजबी मापाचा देते गा. मले बसला का कधी?"

त्यानं चहा संपवला आणि पेचकस पिशवीत टाकला.

चाचणी चालू असताना आमच्या घरात मिक्सर लावायचा नाही, असा नियम आहे. एका दुपारी माझ्या बायकोनं चटणी वाटायला घेतली, खाली दिवे लुकलुकले आणि टाका सुटला. काकू रागावल्या नाहीत. पण तेव्हापासून सकाळीच जिन्यात येऊन विचारतात, वाटण कधी आहे वं? सख्ख्या भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, त्या शेवटच्या पंगतीला पोचल्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारलंच नाही.

कधी ताण फारच होतो आणि कॉम्प्युटर सुरूच होत नाही. पडदा काळाठिक्कर. आपल्यासारखा माणूस अशा वेळी घाबरतो. काकू कॉम्प्युटरचा डबा उघडतात, आतला बटणाएवढा सेल काढतात, जरा थांबतात आणि परत बसवतात. कॉम्प्युटर मागचं सारं विसरून पहिल्यासारखा जागा होतो. काकू पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात करतात.

बत्तीसशेच्या वेगावर मेमरी सुखानं चालत होती. काकूंना छत्तीसशे हवे होते. म्हातारपणी माणसाला काही ना काही वेड लागतं, असं मी धरून चाललो होतो.

मग एका रविवारी सकाळची बुद्धवंदना आटोपून त्यांनी मला खाली बोलावलं. चाचणी रात्रभर चालून संपली होती. छत्तीसशेवर. एकही टाका सुटला नव्हता. मी अभिनंदन केलं आणि पेढ्यांची वाट पाहू लागलो. काकूंनी मात्र कपाटातून एक स्टिअरिंग आणि पेडल काढलं, पेडल टेबलाखाली ठेवलं आणि स्टिअरिंग टेबलाच्या कडेला आवळायला घेतलं. आवळता आवळता त्या बोलत होत्या, किराणा सांगावा तसं.

काका एसटीचे ड्रायव्हर. वर्षानुवर्षं चिखलदऱ्याची गाडी त्यांच्याकडे होती. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू अधू झाली, बोलणंही जवळपास थांबलं. बस चालवायचा एक खेळ मिळाला तेव्हा ते पुन्हा ताठ बसू लागले. पण कॉम्प्युटरचा डबा लहान, वेगळं ग्राफिक्स कार्ड त्यात मावत नाही. चित्र हलायचं ते याच मेमरीच्या जोरावर. घाटाच्या वळणावर चित्र अडकायचं आणि सुटायचं तेव्हा बस दरीत असायची. ज्याच्या गाडीला उभ्या नोकरीत ओरखडा नाही, तो माणूस एक दिवस उठला, भिंतीकडे तोंड करून निजला आणि पुन्हा खेळाजवळ आला नाही.

काकू आत गेल्या. काकांना धरून बाहेर आणलं. पडदा बघताच त्यांनी मान हलवली, नको.

"एक डाव बसा," काकू म्हणाल्या. "नाही जमलं त मी हे सारं बंद करून टाकीन."

काका बसले. उजवा हात स्टिअरिंगवर गेला, उजवा पाय पेडलवर. बस घाटाला लागली. पहिलं वळण आलं आणि गेलं. दुसऱ्याला काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. तेही गेलं. मग ते वळण आलं जिथं नेहमी चित्र अडकायचं. काकांनी आधी हॉर्न दिला, मग वेग उतरवला आणि अख्खी बस कड्याला खेटून अशी वळवली, की मी नकळत बसल्या जागी तोल सावरला. चित्र कुठंही अडकलं नाही. काकांचे खांदे मागे गेले. पुढची वळणं ते घेत होते आणि हॉर्न तर गरजेपेक्षा बराच जास्त देत होते. काकूंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता, आणि छत्तीसशेचा आकडा त्या पार विसरल्या होत्या.

घाट संपला. काकांनी बस बाजूला घेऊन उभी केली, ब्रेक लावला. मग जड जिभेनं, पण अगदी स्पष्ट म्हणाले, "चिखलदरा. उतरा."

काकूंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"मी नाही उतरत," त्या म्हणाल्या. "चालू द्या."

काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ब्रेक सोडला.