खोली क्रमांक ११४चा बावन्नावा हिस्सा

मी, हिरामण गोमा घरत, वय एकसष्ट, राहणार करंजाडे, घाटमाथ्यावरच्या 'सह्यनील हॉलिडे व्हिलेज' येथील खोली क्रमांक ११४च्या बावन्नाव्या हिश्श्याचा कायदेशीर धारक आहे. हिस्सा म्हणजे भिंत किंवा खिडकी नव्हे. हिस्सा वेळेचा. दर वर्षीचा अठ्ठाविसावा आठवडा, म्हणजे साधारण आठ ते चौदा जुलै, नव्याण्णव वर्षांपर्यंत माझा. बाकीचे एक्कावन्न आठवडे त्याच पलंगावर कोण लोळतं, याच्याशी माझा काही संबंध नाही.

हा आठवडा मी २००९ साली वाशीच्या एका मॉलमध्ये घेतला. लकी ड्रॉमध्ये आमचं नाव निघालं होतं. बक्षीस प्रेशर कुकर. तो न्यायला नवरा-बायकोनं जोडीनं यावं आणि नव्वद मिनिटं माहिती ऐकावी, एवढीच अट होती. साडेतीन तासांनी आम्ही बाहेर पडलो तेव्हा सरस्वतीच्या हातात कुकर होता आणि माझ्या हातात करारनामा. तो कुकर आम्हाला तीन लाख चाळीस हजारांना पडला, असं ती आजही आल्यागेल्याला सांगते.

तुम्ही म्हणाल, हिरामण फसला. छे! मी गावचा माणूस आहे. आमच्या जमिनी शहरासाठी गेल्या आणि मोबदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले. ज्यांनी प्लॉट हातात पडायच्या आधीच विकून जीप घेतली, ते आज दुसऱ्याच्या बिल्डिंगखाली वॉचमन म्हणून बसतात. ज्यांनी धरून ठेवला, ते त्या बिल्डिंगचं भाडं खातात. म्हणून आमच्याकडे पोराला बाराखडीच्या आधी एकच शिकवण देतात, धरून ठेव. मी आठवडाही धरून ठेवला. सोळा वर्षांत एकदाही वापरला नाही. कोरा माल आहे म्हटल्यावर भाव चांगला येणार, हे कोणीही सांगेल.

सरस्वती दर पावसाळ्यात मागे लागायची.

"अवो, एकदा तरी जाऊन येऊ ना. खोली हाय का नाय तेवरं तरी बगू."

"वापरलेल्या मालाला भाव येत नाही," मी समजवायचो.

"सोला वर्सं आठवडा कपाटात ठेवलाय तुमी. आंबं हायेत का, पिकायला?"

बायकांना गुंतवणूक कळत नाही, असं मी तेव्हा मोठ्या रुबाबात म्हणायचो. आता म्हणत नाही.

दर वर्षी देखभाल खर्चाचं बिल मात्र न चुकता यायचं. सुरुवातीला सहा हजार होतं, ते सत्तावीस हजारांवर गेलं. मी खोलीत पाऊल ठेवलेलं नाही, मग देखभाल कसली, असं मी रीतसर पत्र टाकून विचारलं. 'आपण येत नसल्याने खोली बंद राहते व बंद खोलीस अधिक देखभाल लागते,' असं लेखी उत्तर आलं. पावणे गावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी तीस वर्षं टाइम ऑफिसमध्ये काढली आहेत. कामगार किती वाजता आला, किती वाजता गेला, याची नोंद ठेवणं हे माझं काम. त्यामुळे लेखी उत्तराबद्दल मला पहिल्यापासून आदर. बिल भरत राहिलो.

खरी बोंब उठली ती यंदाच्या जानेवारीत. माझी मुलगी उन्नती ऐरोलीला एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे करार वाचून त्यातल्या चुका काढते. तिचं लग्न तिच्याच ऑफिसातल्या हितेशशी ठरलं, मे महिन्यात. एका संध्याकाळी ती घरी आली, चपलाही न काढता माझ्यासमोर मोबाइल धरून उभी राहिली. 'अभिनंदन! आपण सह्यनील परिवाराच्या भावी धारक आहात,' असं त्यावर फुग्यांच्या चित्रासह लिहिलं होतं.

"बाबा, हे काय आहे?"

"तुझा वारसा आहे, बाळा."

"कलम एकोणीस वाचलंय तुम्ही? तुमच्यानंतर हे माझ्या गळ्यात. नको म्हणायची सोय नाही. माझ्यानंतर माझ्या पोरांच्या गळ्यात. नव्याण्णव वर्षं! मी तेव्हा अकरा वर्षांची होते, बाबा. मला विचारलंत तरी का?"

"वारसाचा रकाना रिकामा ठेवू देत नव्हते गं."

"मग आता तो मोकळा करा. हे असलं काही डोक्यावर घेऊन मी हितेशच्या घरात जाणार नाही. लग्नाच्या आधी विका, नाहीतर लग्न पुढे ढकला."

आतून सरस्वतीचा आवाज आला, "माज्या पोरीच्या डोक्याव ह्यो दगड ठेवून मरायचं नाय, सांगून ठेवते." माझ्या तब्येतीला काहीही झालेलं नव्हतं, तरी मी हळूच स्वतःची नाडी धरून बघितली.

दुसऱ्याच दिवशी मी बेलापूरला एका टॉवरच्या आठव्या मजल्यावर 'टाइमशेअर पुनर्विक्री साहाय्य केंद्र' गाठलं. नोंदणी शुल्क आधी, नमस्कार नंतर, अशी तिथली पद्धत आहे. क्षिप्रा मॅडम नावाच्या अधिकारी बाईंनी माझा करारनामा दोन बोटांनी उलटला.

"आठवडा कसा वापरलाय, सर?"

"वापरलेलाच नाही. एकदम कोरा."

"म्हणजे सोळा आठवडे वाया गेले," त्यांनी फॉर्मवर लिहून घेतलं.

"वाया कसे? जपून ठेवलेत."

त्यांनी माझ्याकडे, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे बघतात तसं बघितलं. मी मुद्द्यावर आलो.

"आज भाव काय चाललाय?"

"एक रुपया."

"चौरस फुटाला?"

"आख्ख्या आठवड्याला. पण तुमचा जुलै आहे, सर. जुलैत घाटात दरडी पडतात, रस्ता बंद. त्यामुळे तुमचा भाव वजा बारा हजार."

"वजा म्हणजे?"

"म्हणजे समोरचा माणूस तुमचा आठवडा घेईल आणि तुम्ही त्याला बारा हजार द्याल. तरी असा माणूस मिळेलच असं नाही. सुटा आठवडा कोणी घेत नाही हो. सलग असतील तर चौकशी येते."

सलग! हा शब्द कानावर पडला आणि माझ्यातला गाववाला खडबडून जागा झाला. अहो, अर्ध्या गुंठ्याच्या तुकड्याला कुत्रं विचारत नाही. शेजारचे चार तुकडे जोडले की तोच बिल्डर मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाजार काय, जमिनीचा असो की जुलैचा, नियम एकच.

मी सत्ताविसाव्या आठवड्याच्या धारकाचा शोध लावला. नेरूळच्या मालतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. मी आठवडा घेतो म्हटल्यावर त्या रिक्षा करून करंजाड्याला आल्या, बारा हजार रोख दिले, वर पेढे दिले आणि सरस्वतीचा हात धरून रडल्या. "तुमच्या मालकांनी माझ्या नातवाला सोडवलं," म्हणाल्या. पाठोपाठ एकोणतिसाव्याचा धारक आला. मग तिसावा. मग लोक आपोआप यायला लागले. "काका, तुमी आठवडे घेता म्हणे?" असं गेटवरूनच विचारायचे. आयुष्यात पहिल्यांदा मला वस्तू घेण्याचे पैसे मिळत होते. सोसायटीतले लोक माझ्याकडे आदरानं बघू लागले. मी बैठकीच्या खोलीत टेबल टाकलं आणि नोंदवही ठेवली.

सरस्वती चहा करून करून थकली.

"अवो, विकायला गेलता ना तुमी? आनी ह्ये काय चाललंय?"

"विकण्याआधी गोळा करावं लागतं."

"पोरीचं लगीन मे मयन्यात हाय."

"मे महिनासुद्धा घेतलाय," मी वही बघून सांगितलं. "चारही आठवडे."

होळीपर्यंत खोली क्रमांक ११४चं आख्खं वर्ष माझ्या नावावर झालं. बावन्नच्या बावन्न. मी नवा सदरा घालून क्षिप्रा मॅडमकडे गेलो. त्यांनी संगणकात बघितलं आणि उठून माझं अभिनंदन केलं.

"पण सर, आता तुमचं काम आमच्याकडे बसत नाही. हा टाइमशेअर राहिलाच नाही. सगळा वेळ तुमचाच, मग शेअर कोणाशी? हे घर झालं. घराच्या दलालाकडे जा."

घराचा दलाल म्हणाला, "काका, घर कुठंय यात? हा नुसता राहायचा हक्क. मी भिंती विकतो, हक्क विकत नाही. टाइमशेअरवाल्यांकडे जा."

मधल्या काळात सह्यनीलकडूनही पत्र आलं. त्यात तीन गोष्टी कळवल्या होत्या. बावन्न आठवड्यांचे दिवस भरतात तीनशे चौसष्ट. उरलेला एक दिवस कंपनीचा असल्याने त्या दिवशी मी सामानासह खोली रिकामी करायची होती. मी आता पाहुणा राहिलो नसून निवासी झालो असल्याने देखभाल खर्च निवासी दराने, बावन्न वेळा लागू होणार होता. आणि बावन्नही करारांवर वारस म्हणून कु. उन्नती हिरामण घरत यांचं नाव आपोआप घेण्यात आलं होतं. बिलाचा आकडा मी इथे लिहीत नाही, सरस्वती हे वाचणार आहे.

उन्नती त्या दिवशी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवत म्हणाली, "उद्या हितेशच्या घरी चला. मी लपवून लग्न करणार नाही. जे काय आहे ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं." रात्रभर मला झोप नाही. पोरीचं ठरलेलं लग्न माझ्या हातानं मोडतंय, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

हितेशचे वडील ऐरोलीला राहतात. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त, दारावर पितळी पाटी, हॉलमध्ये पांढरा सोफा. मी सगळं सांगितलं. कुकरपासून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"घरत साहेब, राग मानू नका, पण कोण शहाणा माणूस असला व्यवहार करतो? जी वस्तू आपली नाही, तिचे वर्षानुवर्षं पैसे भरायचे. विकायची तर ह्याला विचारा, त्याला विचारा. मुदत संपली की हातात शून्य. आणि वर पोरांच्या गळ्यात मारायची? आमच्याकडे जे आहे ते मालकीचं आहे. हा फ्लॅट मी वीस वर्षांपूर्वी रोख घेतलाय."

माझी मान खाली गेली. पण उन्नतीचा हात टीपॉयवर ठेवलेल्या फ्लॅटच्या फाइलकडे गेला. लग्नानंतर तिचं नाव लावायचं म्हणून त्यांनीच ती काढून ठेवली होती. करार दिसला की तिला राहवत नाही.

"बाबा," ती हितेशच्या वडिलांना म्हणाली, "ही जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे."

"सगळीकडे तसंच असतं इथे."

"त्यातली तेहेतीस झाली. सत्तावीस उरलीत. मेंटेनन्स महिन्याला साडेसहा हजार. विकायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र, जमीनमालकाची परवानगी, हस्तांतर शुल्क." तिनं पान उलटलं. "वारस, हितेश. वय सात."

हितेशनं मान वर केली. "पप्पा, मला कधी विचारलंत?"

"रकाना रिकामा ठेवू देत नव्हते रे," हितेशचे वडील म्हणाले.

त्या पांढऱ्या सोफ्याखालची जमीन कोणाची होती, हे मला माहीत होतं. माझ्या मावशीचं मिठागर होतं तिथे. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. पहिल्यांदा हसली ती उन्नती, मग हितेश. दोघं इतकं हसले की हितेशच्या आईनं पाणी आणून दिलं.

लग्न मे महिन्यातच झालं, थाटात झालं. दोघांनी ना ऐरोलीचा फ्लॅट घेतला ना माझी खोली क्रमांक ११४. घणसोलीला भाड्यानं राहतात. "अकरा महिन्यांचा करार आहे, बाबा," उन्नती म्हणते, "निदान अकरा महिन्यांनी सुटका तरी आहे." वारसाच्या रकान्यातून मात्र दोघांचीही नावं निघालेली नाहीत. नाव काढायचं तर दुसरं नाव द्यावं लागतं, असा नियम आहे. आम्ही दोघं व्याही दर रविवारी फोनवर बोलतो, कोणाचं नाव देता येईल याची यादी करतो.

तुम्ही इतका वेळ मला हसलात. हसा, माझी काही हरकत नाही. पण जेवायला बसण्याआधी कपाटातली तुमच्या घराची फाइल जरा खाली काढा. वरची चकचकीत पानं सोडून द्या, जमीनमालकाचा रकाना बघा, मुदत बघा. आणि सगळ्यात शेवटी वारसाचा रकाना बघा. त्यात ज्या पोराचं नाव तुम्ही न विचारता घातलंय, ते आता तुमच्या समोरच जेवायला बसेल. त्याला सांगून टाका.