बावीस नंबरचा झगा

कात्रीबाईंच्या शिवणाच्या दुकानात टेप नव्हती. ठेवायचीच नाही, असा दंडकच होता! गिऱ्हाईक उंबरठा ओलांडेपर्यंत बाईंच्या नजरेनं त्याची छाती, कंबर, बाही आणि लायकी अशी चारही मापं घेतलेली असत. "चाळीस वर्षांत माझं कापड कुणाला आवळलं नाही की लोंबलं नाही," त्या ठणकावून सांगायच्या. "टेप शिकलेल्यांना लागते. त्यांचा डोळ्यांवर विश्वास नसतो!"

बाईंची स्वतःची शाळा तिसरीत संपली, तीही भर तासात. फळ्यावर वजाबाकी होती. तीनशे दोनमधून एकशे पंच्याऐंशी. दोनातून पाच जाईनात, म्हणून शेजाऱ्याकडे मागायला जावं, तर शेजारी शून्य! "आता कसं करायचं?" गुरुजींनी विचारलं, आणि तेवढ्यात दारात मामा. "चल घरी, धाकटं रडतंय, सांभाळायला कुणी नाही." झालं! ती वजाबाकी आज पन्नास वर्षं तशीच उभी होती. दुपारी इस्त्रीची वाफ चढू लागली, की त्या वाफेत खडूचे आकडे हलके हलके तरंगायचे आणि छपराला टेकून विरून जायचे. शंभर परकरांचं कापड बाई तोंडी सांगत. पण त्या गणिताला त्यांनी कधी हात लावला नाही. आणि कुणाला विचारायचं तर अब्रूच गेली!

त्यांची सून मात्र एकोणचाळिसाव्या वर्षी पदवीधर होत होती. हातात काज, मांडीवर पुस्तक, अशी अकरा वर्षं. एका पेपरानं तर तिला चार वेळा उंबरठ्यावरून परत पाठवलं होतं.

"पदवी आली की सुईत दोरा आपोआप जाईल का गं?" बाई विचारायच्या.

"नाही हो आई. पण माझ्या नावाचा पुकारा होईल. माईकवर, भरल्या सभागृहात. सगळा गाव मला कात्रीबाईंची सून म्हणतो. माझं नाव मला एकदा मोठ्यानं ऐकायचंय."

"मी हाक मारते की रोज!"

"तुम्ही 'अगं ए' म्हणता."

यावर बाईंनी कात्री उगाचच दोनदा वाजवली.

पदवीदानाच्या साठ काळ्या झग्यांचं काम बाईंनाच मिळालं. मुलं एकेक करून दुकानात आली, बाईंनी एकेकदा पाहिलं, कापड कापलं. सुनेचा झगा शेवटी राहिला. त्या दुपारी वाफ जरा जास्तच दाटली होती. आकडे तरंगत होते, कात्री आपली आपण चालत होती, आणि बाई कुठल्या कुठे पोचल्या होत्या.

समारंभाच्या सकाळी सभागृहामागच्या खोलीत एकोणसाठ झगे एकोणसाठ अंगांवर असे बसले, जणू पोरं त्यांतच जन्मली होती! साठावा उंच, शिडशिडीत सुनेनं घातला. बाह्या कोपरापर्यंत, खालची कड गुडघ्यावर, आणि घेर असा की आत आणखी एक सून राहिली असती.

"आई! हे काय?"

"काढ! घाबरू नकोस. चार बोटं दुमड आहे, सोडते. जा, पिशवीतनं काळा दोरा आण!"

सून धावली. कड सरळ पडते का ते बघायला बाईंनी झगा स्वतःच्या अंगात घातला; ती त्यांची जुनी सवय. समोर आरसा होता. बाईंच्या ठेंगण्या, गोल अंगावर झगा खांद्यावर बसला, मनगटावर थांबला, घोट्याशी टेकला. आरशात एक शिकलेली बाई उभी होती! खिडकीतून ऊन येत होतं, उन्हात धूळ तरंगत होती. नव्हे, खडूचीच भुकटी ती...

"बावीस नंबर!" चष्मेवाल्या मॅडम यादी नाचवत कडाडल्या. झग्याच्या खांद्यावर सुनेच्या यादीतल्या नंबरची, बावीसची चिठ्ठी होतीच. "रांग पुढे गेली, तुम्ही आरशात काय बघताय? चला!"

"अहो, मी..." एवढंच बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची जीभ संपावर गेली! मॅडमनी त्यांना पाठीवर थाप मारून ढकललं आणि बाई चालू लागल्या. चालल्या कसल्या, वाहवल्या! पायांखाली लाकडी पायऱ्या की कापसाचे ढीग, कळेना. दिवे मऊ मऊ झाले होते. माईकवर एक नाव पुकारलं गेलं. किती गोड नाव, बाईंना वाटलं. कुणाचं बरं?

प्राचार्यांनी लाल पुठ्ठ्याची फाईल त्यांच्या हातात ठेवली. "या वयात! कमाल आहे आजी!" टाळ्यांचा नुसता कडकडाट! लोक उभे राहिले. "आजी, दोन शब्द बोला!"

बाईंनी माईक हातात घेतला, समोर पाहिलं, आणि दारात सून दिसली. हातात काळा दोरा. हसत नव्हती, रडतही नव्हती; नुसती उभी होती. तिचं नाव होऊन गेलं होतं.

ढीगभर कापूस एका क्षणात खाली बसला.

"मी पदवीधर नाही हो," बाई म्हणाल्या. "मी तिसरीतनं उठवलेली आहे. आत्ता जे नाव घेतलंत ना, ते माझ्या सुनेचं. ते तिच्या तोंडावर पुन्हा घ्या."

"पण नाव एकदाच पुकारतात," मॅडम खालून म्हणाल्या. "तसा नियम आहे!"

बाईंनी कमरेची कात्री काढली. प्राचार्य झटकन दोन पावलं मागे सरले! बाईंनी झगा उतरवला, तिथंच मंचावर बैठक मारली आणि कर्र कर्र करत दुमड उसवली. "मला काही घाई नाही," त्या मॅडमकडे बघत म्हणाल्या. "दोन्ही बाह्या अजून बाकी आहेत."

नाव पुन्हा पुकारलं गेलं. चांगलं दोनदा, मोठ्यानं! धागे लोंबणाऱ्या, पोटरीपर्यंतच्या झग्यात सून मंचावर आली. पहिल्या टाळ्या नुसत्या कौतुकाच्या होत्या. या टाळ्यांनी छप्पर हललं.

घरी येताना सुनेनं फाईल उघडली. आत काही नव्हतं.

"कागद पुढच्या आठवड्यात मिळतो, आई. कॉलेजच्या खिडकीवर."

"म्हणजे अकरा वर्षांनी रिकामा पुठ्ठा?"

"नाव ऐकलं ना मी," सून म्हणाली. मग थोडं चालून म्हणाली, "आई, साठातला माझाच झगा तुमच्या मापाचा कसा झाला हो?"

"टेप चुकली असेल!"

"आपल्याकडे टेप कुठाय?"

बाईंना एकाएकी रस्त्याकडेची झाडं फार बघण्यासारखी वाटू लागली. चार घरं गेल्यावर त्या अगदी सहज, घसा खाकरत म्हणाल्या, "काय गं, आता शिकलीच आहेस म्हणून विचारते. तीनशे दोनमधून एकशे पंच्याऐंशी गेले तर किती?"

"एकशे सतरा."

बाई थांबल्या. पन्नास वर्षांची वाफ डोळ्यांसमोरून निवांत निघून गेली.

"एवढेच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, काहीतरी मोठं येईल!"