शिलेदार गल्लीतलं तीर्थ

सयाजीरावांनी म्युनिसिपालिटीच्या साहेबांना पाहणीसाठी नेमकं खंडेनवमीला बोलावलं, एवढीच त्यांची चूक. बाकी सगळं आपोआप झालं.

म्हैसूरची शिलेदार गल्ली म्हणजे महाराजांच्या घोडदळात नाव काढलेल्या मराठी घराण्यांची वस्ती. आता दारची घोडी गेली होती, रुबाब तेवढा उरला होता. सयाजीरावांचे पणजोबा घोड्यावर बसत. सयाजीराव पागेच्या कचेरीत बसून घोड्यांच्या हरभऱ्याचा हिशेब ठेवत. अशा या शांत गल्लीत, सयाजीरावांच्या भिंतीला लागून असलेला रिकामा बंगला रंगनाथ डॉक्टरांनी भाड्यानं घ्यायचं ठरवलं. ज्यांची दारू सुटत नाही, त्यांना तिथं ठेवून घ्यायचं, औषधपाणी करायचं, आणि माणसात आणून घरी धाडायचं. म्युनिसिपालिटीची परवानगी तेवढी बाकी होती.

सयाजीरावांचं धाबं दणाणलं. त्यांच्या अंबूला पाहायला कोजागिरीनंतर टी. नरसीपूरचे गंगाधरराव यायचे होते. मुलगा सोन्यासारखा, पण बाप बत्तासासुद्धा हुंगून तोंडात टाकणारा. शेजारी दारुडे पाहून तो उंबऱ्यावरूनच परत फिरला असता.

"अहो, ते सोडायला येणार, प्यायला नव्हे," भवानीबाई म्हणाल्या.

"सोडायला आधी धरावी लागते की नाही?" (हा मुद्दा सयाजीरावांना इतका बिनतोड वाटला, की पुढचा आठवडाभर त्यांनी तो भेटेल त्याला ऐकवला.) "म्हणून तर साहेबांना नवमीला बोलावलंय. दारोदारी तोरणं, रांगोळ्या, घरोघरी तलवारी मांडलेल्या. दिसू दे त्यांना, इथं कोण राहतं ते!"

"आणि तलवारीपुढं वाटीत काय ठेवतात, तेही दिसू दे."

"ते तीर्थ!" सयाजीराव कडाडले.

खरंच, ते तीर्थच मानत. खंडेनवमीला तलवारीला दारूचा नैवेद्य दाखवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं नमस्कार करून त्यातलं थोडं घ्यायचं, अशी गल्लीची रीत होती. नको म्हणणं म्हणजे त्या घरच्या पूर्वजांचा अपमान. एरवी वर्षभर सयाजीराव दारूच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. त्यामुळे त्या दिवशी आपण दारू पितो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

नवमीच्या सकाळी फेटा बांधून ते मंडळी गोळा करायला निघाले. पहिलंच घर संताजीरावांचं.

"चला, साहेब येतायत!"

"अय्यो, तलवारीला नमस्कार न करताच? बन्नी, बन्नी, आत या की!"

ते आत गेले. मग पुढच्या घरी गेले, मग त्याच्या पुढच्या. पूर्वज सगळ्यांचेच शूर होते, अपमान कोणाकोणाचा करायचा? गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत सयाजीरावांना आपला फेटा जड वाटू लागला आणि जग हलकं वाटू लागलं.

तेवढ्यात टांगा थांबला. कपाळाला ठसठशीत नाम लावलेले सत्यनारायणय्या साहेब डॉक्टरांसोबत उतरले. सयाजीराव पुढं झाले आणि त्यांनी डॉक्टरांनाच मिठी मारली.

"साहेब," ते डॉक्टरांच्या खांद्यावर गहिवरून म्हणाले, "आमची गल्ली अब्रूदार! इथं तो डॉक्टर दारुडे आणून ठेवणार! भर सकाळी झोकांड्या खात फिरतील! माझ्या पोरीनं काय करायचं?" शेवटचं वाक्य मात्र अगदी खरं होतं. ते बोलताना त्यांना रडूच कोसळलं आणि ते मटकन रांगोळीत बसले. मागून मंडळींनी "हर हर महादेव" अशी आरोळी ठोकली.

साहेबांनी नाकाला उपरणं लावलं. "कसला हो हा वास?"

"तीर्थ, स्वामी," संताजीराव अदबीनं वाटी पुढं करत म्हणाले. "सुम्ने, उगीच आपलं थोडंसं घ्या."

साहेब डॉक्टरांकडे वळले. "जागा उत्तम निवडलीत. रोगी आणायला टांग्याचं भाडंसुद्धा पडणार नाही."

परवानगी मिळाली. दिवाळीआधीच बंगल्यात खाटा आल्या आणि त्यानंतर लगेच गंगाधररावही आले. त्यांची गाडी दारात पाहताच सयाजीरावांनी लाजेनं परसातल्या भिंतीवरून पलीकडे उडी टाकली.

"मुलीचे वडील कुठं आहेत?" गंगाधररावांनी विचारलं.

त्यांना उडी टाकताना भवानीबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "शेजारी डॉक्टरांकडे गेलेत."

नवमीची हकिकत नरसीपूरला कधीच पोचली होती. गंगाधरराव सावकाश म्हणाले, "बाई, पिणारे व्याही गावोगाव मिळतील. लाज गुंडाळून सोडायला गेलेला हा पहिलाच. सोयरीक पक्की. मात्र लग्नापर्यंत त्यांना तिथंच राहू दे."

अंबू अशी खुदकन हसली, की भिंतीपलीकडून कान देऊन ऐकणाऱ्या सयाजीरावांनी परत यायला उचललेला पाय खाली ठेवला. ते राहिले. मुलीखातर त्यांनी कडू काढे रिचवले, मिळमिळीत पेज गिळली.

"डॉक्टर, मी वर्षातून एकदाच घेतो हो!"

"इथं सगळे तेच सांगतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी काढा वाढवला.

लग्न थाटात झालं. सयाजीराव म्हणजे डॉक्टरांचा पहिला पूर्ण बरा झालेला रोगी! डॉक्टरांचं नाव झालं आणि त्यांनी पलीकडच्या गल्लीत दुसरा बंगला पाहिला. तिथल्या लोकांनीही सत्यनारायणय्या साहेबांना बोलावलं. सयाजीराव गंमत बघायला गर्दीत उभे राहिले. तिथल्या पुढाऱ्यानं नेमकं त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

"साहेब, असली माणसं आमच्या शेजारी राहणार?"

"अहो, ते तर केव्हाच बरे झाले!" साहेब म्हणाले.

"बरं व्हायला आधी बिघडावं लागतं की नाही?"

मुद्दा इतका बिनतोड होता, की सयाजीरावांनी सवयीनं मान डोलावली.