निळ्या तेलाची बाटली

प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला, म्हणून बायकोनं तिची इवलीशी बाटली घरच्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी आणून ठेवली. माळावरच्या पांढऱ्या रानफुलांची पोतीच्या पोती वाफवून तिनं त्यातून हे चमचाभर तेल काढलं होतं. फुलं पांढरी आणि तेल शाईसारखं निळं! नवऱ्याला तिचा भारी अभिमान. ऑफिसात दुसरा विषयच नाही.

"हात लावू नका हं," ती सकाळी बजावून गेली. "त्यात कोणकोणती द्रव्यं आहेत ते अजून तपासायचंय."

त्यानं हात लावलाच नाही. जॅमची बरणी ओढताना कोपर लागलं, एवढंच.

बाटलीच्या ठिकऱ्या बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं फडक्यानं फरशी पुसली आणि फडकं कढत पाण्याच्या बादलीत बुडवलं. झालं! वाफेवर स्वार होऊन वास जिन्यात शिरला आणि मजल्यामागून मजले चढत सुटला.

"गॅस गळतोय! खाली पळा!" सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले.

बघता बघता अख्खी इमारत फाटकापाशी जमली. कुणी टॉवेलवर, कुणाची दाढी अर्धीच झालेली. तेवढ्यात बायको आली. नवऱ्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं.

"वहिनी, हे काय चालवलंय?" सेक्रेटरी कडाडले. "डोकं भणभणलं माझं!"

"कसला वास आला तुम्हाला?"

"कापराचा!"

"छे, आधी लिंबाच्या सालीचा," वरच्या आजी म्हणाल्या. "कापूर मागाहून आला."

बायकोचे डोळे चमकले. "अगदी बरोबर, आजी! हलकी द्रव्यं आधी उडतात, जड मागून येतात. माझ्या यंत्राला जे सांगायला तासभर लागतो, ते तुमच्या नाकानं जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं!"

आजी लाजल्या. मग ज्याला त्याला आपापला वास सांगायचा होता. गॅसचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

"पण आता तेल कुठून आणणार?" नवऱ्यानं चाचरत विचारलं.

"पुन्हा फुलं तोडायची. बहर संपत आलाय, आणि मी एकटी किती तोडणार?" तिचा आवाज पहिल्यांदाच पडला.

रविवारी सगळी इमारत माळावर ओणवी होती. सेक्रेटरी प्रत्येकाच्या पिशवीत नाक खुपसून मान डोलवत फिरत होते, आणि आजींच्या पसंतीशिवाय एकही पोतं बांधलं जात नव्हतं.