मीठ न घातलेला मासा

बाबांनी न जेवताच ताट पुन्हा पुढे सरकवलं आणि लेकीने ते उचललं. आई गेल्यापासून हे रोजचंच झालं होतं. बाबांचे शर्ट आता खुंटीवर टांगल्यासारखे त्यांच्या अंगावर लोंबत. डॉक्टर तर हात टेकून म्हणाले होते, "बीपीचं नंतर बघू, चिमूटभर मीठ घाला, पण माणूस जेवला पाहिजे!"

पण ऐकतील ते बाबा कसले! "तुझ्या आईने इतकी वर्षं मला मिठाशिवाय जेवू घातलं. ती असताना पथ्य मोडलं नाही, आता मोडू? तिच्या अळणी माशालाही काय चव असायची! हाताला चव असावी लागते, बाई, हाताला."

आईने तव्यावर परतलेल्या माशांचा शेवटचा डबा फ्रीझरमध्ये तसाच होता. बाबा तो खात नव्हते आणि कुणाला हात लावू देत नव्हते.

लेक नोकरीला होती प्रयोगशाळेत. तळ्यात वाढवलेल्या माशांत लोह किती, जस्त किती, शिसं-पारा तर नाही ना, हे तपासायचं तिचं काम. तिथले जुने डबे ती घरी आणी आणि आई ते धुऊन वापरी. फुकटची वस्तू टाकायची म्हणजे आईच्या जिवावर यायचं.

एका संध्याकाळी प्रयोगशाळेचा फ्रीझर बंद पडला. एका तळेवाल्याच्या माशांचे शिजवलेले तुकडे तपासायचे होते. ते नासू नयेत म्हणून लेकीने डबा घरी नेला आणि फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी नेहमीची घाई. तिने डबा उचलला, कामावर पोचताच त्यातले गोठलेले तुकडे वाळवायला लावले. मग ते भट्टीत गेले, त्यांची राख झाली, राख ॲसिडमध्ये विरघळली आणि यंत्रात गेली.

दोन दिवसांनी यंत्राने आकडे दिले आणि साहेबांनी डोक्याला हात लावला. "अहो, लोह बघा! आणि हे सोडियम? गोड्या पाण्यातला मासा की लोणचं? बोलवा त्या तळेवाल्याला!"

तळेवाला धापा टाकत आला. येताना त्याने ताज्या माशांची टोपलीच आणली होती. "साहेब, माझे मासे काय खिळे खातात? आणि मीठ मी कशाला टाकू तळ्यात? पोराबाळांची शपथ, माझं तळं बंद करू नका हो!"

"नमुन्याचा डबा दाखवा," साहेब म्हणाले.

लेकीने धुऊन ठेवलेला डबा आणला आणि तिचं लक्ष झाकणाकडे गेलं. झाकणाचा एक कोपरा वितळलेला होता. आईने एकदा तो शेगडीजवळ ठेवला होता.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "हा नमुना... माझ्या आईचा आहे."

 घरी डबे कसे बदलले ते तिने सांगितलं तेव्हा साहेबांनी रागवायचं सोडून टोपलीतला नवा नमुना घ्यायला सांगितलं. तळेवाल्याने जीव भांड्यात पडल्यावर टोपलीतले दोन मासे काढून तिच्या हातात दिले. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. घ्या."

घरी जाताना तिला रडू आवरेना. आईच्या हातचं शेवटचं जेवण तिने आपल्या हाताने जाळलं होतं. आणि ते लोह? ते आईच्या लोखंडी तव्याचं. लेकीने हौसेने नवा तवा आणून तो जुना माळ्यावर टाकला होता. पण मीठ? मीठ कुठून आलं?

बाबा टेबलाशी बसले होते. समोर रिकामा डबा आणि काटे.

"आज आमच्या लग्नाचा वाढदिवस," ते म्हणाले. "म्हटलं, आज तरी खावा."

"बाबा, तो डबा..."

"अळणी लागला गं." बाबांचा आवाज फुटला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा अळणी लागला. त्या मेल्या फ्रीझरने चव खाल्ली. ती खरंच गेली बघ."

 स्वयंपाकघरात जाऊन लेकीने फळीवरचे डबे एकेक करून हलवले. डाळीच्या डब्यामागे, जिथे बाबांचा हात कधीच पोचणार नाही अशा जागी, एक चिमुकली डबी होती. अर्धी भरलेली. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं.

"लबाड कुठली!" ती आईला म्हणाली आणि फळीला टेकून रडली.

मग तिने माळ्यावरून तवा काढला, घासला, तळेवाल्याचे मासे साफ करून परतले. डबीतली चिमूट सोडली आणि डबी होती तिथे सरकवली.

बाबांनी एक घास घेतला आणि थांबले. 

"मीठ?"

"छे हो बाबा!"

त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. "आईची चव उतरली गं तुझ्या हाताला! बघ, म्हणत नव्हतो? मिठाचं नाव नको. वाढ आणखी एक तुकडा."

ती वाढायला वाकली, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

"अगं, डोळे पूस आधी," बाबा ताट बाजूला घेत म्हणाले, "ताटात पडेल. मला मीठ चालत नाही."