खांद्याला विचारून सांगतो

नाना ढवळ्यांच्या हातात कुठलीही लांबट वस्तू आली की ती आधी त्यांच्या उजव्या खांद्याला लागायची. छत्री, काठी, केरसुणी, एकदा तर आमच्या स्वयंपाकघरातलं मुसळ. डावा डोळा मिटून ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरायचे आणि वस्तू खाली ठेवताना म्हणायचे, "लांबी बरी हाय. पुढं जड हाय." माझी बायको त्यांच्या हातून मुसळ काढून घ्यायची आणि मुकाट्याने आत जायची.

नाना मूळचे खर्ड्याचे. सगळी नोकरी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून रस्ते मोजण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते नगरला तोफखाना भागात आमच्या शेजारी येऊन राहिले. पत्ता तोफखान्याचा आणि घरात साधी छर्ऱ्याची बंदूक नाही, याची त्यांना मनापासून खंत होती. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर रस्ते करताना त्यांनी काळविटांचे कळपच्या कळप पाहिले होते. रीतसर परवाना काढून एक काळवीट मारायचं, एवढीच आता इच्छा राहिली होती. पण तरुणपणी कुस्तीत खांद्याचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं. त्यामुळे रायफल हवी ती ऐन वेळी दगा न देणारी आणि त्या खांद्याला धक्का सोसेल अशी.

हे सत्तर-एकाहत्तर सालचं. मी तेव्हा कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर कारकून होतो. परवाना मिळाला की ठरावीक मुदतीत हत्यार विकत घ्यावं लागतं. नाही जमलं तर अर्ज करून मुदत वाढवून घेता येते. लोक एकदा वाढवून घेतात, फार तर दोनदा. नानांच्या फायलीत असे सहा अर्ज होते, आणि सहाही अर्जांत मोत्यासारख्या अक्षरात एकच कारण: "योग्य रायफलीचा शोध चालू असल्याने."

शोध खरोखरच चालू होता. नानांनी बांधकाम खात्याच्या शिस्तीत एक तक्ता केला होता. रायफलीचं नाव, वजन, भरवसा, काडतुसं कुठं मिळतात, धक्का, आणि शेवटच्या रकान्यात "खांद्याचं मत". तो तक्ता घेऊन ते आमच्याकडे यायचे. मी पेपर तोंडासमोर धरला तरी उपयोग व्हायचा नाही.

"वसंता, बावीसची बघ. धक्का मुळीच न्हाई. पोरानं टपली मारल्यावानी. पण तिच्यानं हरीण पडत न्हाई, नुसतं जखमी हुतं. मग कुठं तरी झुडपात तडफडत बसायचं बिचारं. तसलं पाप आपल्याला नको."

"मग बाराबोर घ्या."

"काळवीट काय जवळ येऊन उभं ऱ्हातंय व्हय? माळावर लांबनंच पळतंय ते. छर्रा पोचायचा न्हाई, अन् धक्का मात्र गाढवाच्या लाथंचा."

"मग ती तीनशेपंधरा बोरची? काडतुसं कुठंही मिळतात म्हणता."

"चांगली हाय, भरवशाची हाय," नाना खांदा चोळत म्हणायचे, "पण खांद्याला इचारून सांगतो."

हे त्यांचं पालुपद. खांद्याला विचारल्याशिवाय ते काही करत नसत. भाजीवाली वांगी घ्या म्हणाली तरी खांद्याला विचारायचे. माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायला त्यांना वडीलधारे म्हणून नेलं, तर मुलीच्या आईचं बोलणं ऐकून बाहेर पडल्यावर म्हणाले, "पोरगी सालस हाय. पण सासूबाईंचा धक्का लई." भावाच्या लग्नाला आता इतकी वर्षं झाली, नानांचा अंदाज तसूभरही चुकलेला नाही.

धक्क्याची त्यांनी एवढी धास्ती का घेतली होती, त्यालाही कारण घडलं होतं. कर्जतकडच्या एका बागाईतदार मित्राकडे वाघ-गव्यासाठी केलेली जुनी थोरली रायफल होती. एकदा अनुभव घ्यावा म्हणून नाना तिथे गेले. सोबत मीही होतो. नानांनी कोटाच्या आत खांद्यावर उशी बांधली, बांधावर तेलाचा रिकामा डबा ठेवला, बूड टेकून बसले आणि चाप ओढला. डबा होता तिथेच राहिला. नाना मात्र मागे उताणे झाले आणि त्यांची कवळी उडून हरभऱ्यात पडली. आम्ही चार माणसं तासभर हरभऱ्याची रोपं चाळत होतो, आणि पलीकडच्या माळावर एक काळवीट मान वर करून आमच्याकडे टक लावून बघत होतं. त्या दिवसापासून तक्त्यात आणखी एक रकाना आला: "कवळी".

या सगळ्या शोधाचं ठाणं म्हणजे कापडबाजारामागचं करीमभाईंचं बंदुकांचं दुकान. दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला नाना तिथे हजर. करीमभाईंचा धंदा बसत चालला होता. परदेशी माल येईनासा झाला होता, आणि कपाटात जेमतेम सात-आठ बंदुका होत्या. नाना त्या एकेक करून खांद्याला लावायचे, बोल्ट मागेपुढे करायचे, नळीतून उजेडाकडे बघायचे. मग दोघे बिनसाखरेचा चहा घेत दोन तास वाद घालायचे. बारा वाजता नाना उठायचे. "घरी लई कामं पडलीत," असं म्हणून निघायचे.

त्या कपाटात साडेसहा मिलिमीटरची एक जुनी ऑस्ट्रियन रायफल होती. हलकी, नेमाची पक्की, बोल्ट लोण्यासारखा सरकणारा आणि धक्का अगदी मवाळ. नानांनी तिच्यातून एकदा गोळी झाडून पाहिली होती. कवळीसुद्धा हलली नव्हती. तक्त्यातल्या सगळ्या रकान्यांत तिच्यापुढे बरोबरची खूण होती. तरी दर रविवारी तिच्यात नवीन खोड निघायची. कधी दस्ता बोटभर लांब असायचा, कधी काडतुसं पुण्याहून मागवावी लागायची, तर कधी पट्ट्याची कडी वाजायची.

मग आमच्या कचेरीत नवे साहेब आले. शिकारीचे नियम कडक होणार अशी कुणकुण लागली होती आणि साहेब जुन्या फायली उपसत होते. नानांचा सातवा अर्ज बघून त्यांनी विचारलं, "हा माणूस बंदूक घेतोय की बायको?" आणि शेरा मारला: महिनाअखेर खरेदी नसल्यास परवाना रद्द.

मी नानांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "परवाना गेला तर करीमभाईच्या दुकानात बंदुकीला हात लावता यील का?"

"नाही येणार, नाना."

"अन् घेतली तर?"

"घेतली तर सुटलात. शोध संपला."

नानांनी तक्त्याची घडी करून खिशात घातली. खांद्याचं नावसुद्धा काढलं नाही.

महिन्यातला शेवटचा रविवार आला. मीच त्यांना ओढत दुकानात नेलं. करीमभाईंनी न सांगताच ती ऑस्ट्रियन काढून टेबलावर ठेवली. नानांनी खांद्याला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"घेतो," ते म्हणाले.

"मत लो, नाना," करीमभाई घाईघाईने म्हणाले. "जुना माल आहे. बोल्टचा काय भरोसा? ऐन टायमाला अडकला म्हणजे?"

"कालपर्यंत तर लोणी हुता!"

"काल होता. आता थंडीत अडकतो. आणि काडतुसं? पुण्यालापण मिळणार नाहीत आता."

मला राग आला. नानांचा परवाना माझ्या टेबलावर होता आणि महिना संपायला तीन दिवस उरले होते. मी म्हणालो, "करीमभाई, तुम्ही दुकान मांडलंय की थट्टा? गिऱ्हाईक घेतो म्हणतंय आणि तुम्ही माल खराब म्हणताय!"

करीमभाईंनी रायफलीवरून फडकं फिरवलं. माझ्याकडे बघितलं नाही. "विकतो ना, साहेब. विकायलाच बसलोय. पण मग रविवारी हे कशाला येतील इथं?"

नाना चहाच्या ग्लासात बघत राहिले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण त्या रविवारइतकं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नाही.

शेवटी नानांनीच रस्ता काढला. जन्मभर रस्तेच काढले होते त्यांनी. "करीमभाई, पावती करा," ते म्हणाले. "अन् दुसरी एक पावती करा. रायफल तुमच्याकडंच जमा ठिवतो. जमा ठिवायची सोय हाय का न्हाई कायद्यात?"

"आहे की!" करीमभाई एकदम उठून उभे राहिले. "पण तेलपाणी तुम्हीच करायचं हां. दर आठवड्याला. नाही तर गंज चढतो."

सोमवारी खरेदीची नोंद आणि रायफल दुकानात जमा केल्याचा अर्ज, दोन्ही कागद माझ्या टेबलावर आले. जमा ठेवण्याचं कारण लिहावं लागतं. लोक लिहितात, परगावी जात आहे, किंवा दुरुस्ती. नानांनी त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: "घरी माझ्याशिवाय कोणी नाही." मुदतीच्या रकान्यात होतं: "कायम."

चार वर्षं शेजारी राहून ही गोष्ट मला सरकारी कागदावर वाचावी लागली. नानी गेलेल्या, लेक इंदूरला दिलेली, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण "घरी लई कामं पडलीत" हे मी खरंच धरून चाललो होतो. मी शेरा लिहिला, "हरकत नाही", आणि साहेबांची सही घेतली.

संध्याकाळी कचेरीतून परस्पर नानांच्या दारात गेलो. ते गडबडले. "काय रं? कागदात काय चुकलं का?"

"कागद बरोबर आहेत. चहा प्यायला आलो."

नानांनी खुर्चीवरचा तक्ता उचलून मला जागा करून दिली. मग लगबगीने आत गेले. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, पाणी उकळल्याचा आला, आणि मग बराच वेळ डबे सरकवल्याचे, फळ्या धुंडाळल्याचे आवाज येत राहिले. शेवटी आतूनच त्यांनी हाक मारली.

"वसंता, जरा थांब बरं का. दुसरा कप कुठं ठिवलाय, त्येच सापडंना."