रांगेत ठेवलेली पिशवी

स्वतःच्या स्मरणशक्तीचं कौतुक स्वतःच करणं बरं दिसत नाही, पण घरात दुसरं कुणी करत नाही, त्याला मी काय करणार! एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरी. चारशे नंबर मला तोंडपाठ होते. बेकरीवाल्याचा दोन सात शून्य चार, दातांच्या डॉक्टरांचा दोन एक नऊ नऊ! डॉक्टर नुसते "बाई, बेकरी द्या" म्हणायचे, की पुढच्या क्षणी बेकरीवाला लाइनवर हजर.

अशा बाईला तिच्या पोटच्या मुलाने चहा पिता पिता सांगावं, "आई, तू आता सामान आणायला जाऊ नकोस. आपण फोनवरून मागवू."

कारण काय, तर त्याआधीच्या शनिवारी माझ्या हातून एक लहानशी चूक झाली होती. दुकानात कुणाच्या तरी ढकलगाडीशी माझ्या ढकलगाडीची अदलाबदल झाली आणि मी मांजराच्या खाण्याचे सहा डबे घेऊन घरी आले. आमच्याकडे मांजर नव्हतं. आता आहे. डबे वाया जायला नकोत म्हणून मी एक उघडून मागच्या दारात ठेवला, आणि तासाभरात एक करड्या रंगाचं मांजर घरचं माणूस असल्यासारखं येऊन सोफ्यावर बसलं!

"एवढ्यावरून माझं शनिवारचं बाहेर जाणं बंद?" मी म्हटलं.

"बंद नाही गं. तुझी दगदग वाचावी म्हणून."

"माझी दगदग मला आवडते!"

आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तिला एक संधी दे." वर्तमानपत्राआडून हे नेहमी शूर असतात.

संधी अशी ठरली. बारा वस्तू आणायच्या, यादी न घेता. शिवाय आमच्या घरात वर्षभर चाललेला वाद मी पुराव्यानिशी मिटवायचा. आमच्या रस्त्यावर दोन सुपरमार्केटं समोरासमोर उभी आहेत. एकाची पाटी पिवळी, दुसऱ्याची हिरवी. मुलगा म्हणतो पिवळं चांगलं, सून म्हणते हिरवं. बारापैकी एक जरी वस्तू विसरले, तरी पिशवी खुंटीवरून काढून मुलाच्या हवाली करायची आणि पुढचे सगळे शनिवार खिडकीत बसून काढायचे!

"कबूल!" मी म्हटलं. सून माझ्याकडे बघत होती. मग उठून तिने खुंटीवरची पिशवी झटकून नीट टांगली.

शनिवारी बरोबर अकराला मी निघाले. निळी कापडी पिशवी, पिशवीत वही, पेन, चष्म्याची डबी आणि आमचं चावीचं गजराचं घड्याळ. घड्याळ अशासाठी, की दुकानाची खरी परीक्षा रांगेत होते. शेल्फं काय, कुणीही सजवतं! रांगेत उभं राहिल्यापासून पाव तासात नंबर आला तर दुकान पास, त्याआधी गजर वाजला तर नापास. मनगटावरच्या घड्याळाला गजर नाही, आणि मोबाइलमधला गजर लावायला मला सून लागते.

आधी पिवळ्यात शिरले. काय तो थंडावा! बटाटेसुद्धा स्वेटर मागतील असा. मी वहीत लिहिलं, 'पिवळं : गारठा फार. फरशी स्वच्छ. मीठ गेल्या आठवड्यात जिथे होतं तिथे आता बूटपॉलिश आहे.' ही यांची जुनी खोड. दर आठवड्याला वस्तूंची घरं बदलतात. माझ्या ओळखीच्या माणसांनीसुद्धा इतक्या वेळा घरं बदलली नसतील. एका कर्मचाऱ्याला विचारलं, "मीठ कुठे?" तो म्हणाला, "मावशी, मीसुद्धा सोमवारीच आलोय."

तरी मी एकेक वस्तू गाठली. साखर, चहा, तांदूळ, मीठ, साबण... अकरा झाल्या. बारावी काही आठवेना! जिभेवर होती, पण उतरायला तयार नाही. म्हटलं, हरकत नाही, शेल्फांमधून एक फेरी मारली की दिसेल आणि आठवेल. पण तोवर रांग वाढेल त्याचं काय?

त्यावर माझ्याकडे उपाय होता. आमच्या वेळी दुधाच्या केंद्रावर पहाटे माणसांची रांग नसायचीच. पिशव्यांची असायची. पिशवी, डबा, पायातली चप्पल, कुणाकुणाचा तर नुसता दगड! सगळे आपापल्या वस्तू ओळीत मांडून घरची कामं उरकायला जायचे, आणि कुणाची हिंमत नव्हती कुणाचा दगड हलवायची. तेव्हा मी काउंटरच्या रांगेत शेवटी, एका टक्कल पडलेल्या गृहस्थांच्या मागे, माझी पिशवी व्यवस्थित उभी करून ठेवली. घड्याळाचा गजर पाव तासावर लावला आणि ढकलगाडी घेऊन बारावी वस्तू शोधायला निघाले.

मी पार मागे गोठवलेल्या वाटाण्यांपाशी असताना भोंगा वाजला. फ्रीजच्या घरघरीत पुढचं काही ऐकू आलं नाही, पण जो तो दाराकडे धावत होता. एक सुरक्षारक्षक ओरडला, "आजी, चला, बाहेर चला!"

"माझ्या अकरा झाल्यात, एक राहिली—"

"आजी, आधी बाहेर!"

ढकलगाडी तिथेच सोडून मी रस्त्यावर. तिथे शंभरेक माणसं जमली होती. शेजारच्या बाईला विचारलं, "काय झालं हो?"

"कुणीतरी रांगेत पिशवी टाकून गेलंय. आणि आतून टिकटिक आवाज येतोय म्हणे!"

"कमाल आहे लोकांची!" मी म्हटलं. "इतकी विसरभोळी माणसं घराबाहेर सोडतातच कशी!"

तुम्ही हसाल, पण खरं सांगते, मला काडीचाही संशय आला नाही. माझी पिशवी कुठे टाकलेली होती? ती तर नंबर लावून ठेवलेली होती!

आणि वेळ वाया घालवणारी मी नव्हे. सरळ रस्ता ओलांडून हिरव्यात गेले. माझ्यामागे ते सगळे शंभर जण! हिरवं म्हणजे बोळ हो. दोन ढकलगाड्या समोरासमोर आल्या की एकीने मागे सरकायचं. पण मीठ गेली सहा वर्षं एकाच जागी, डोळे मिटून हात घातला तरी मिठावर पडेल. काउंटरवरची बाई हसत नाही, पण ओळखते. मी अकरा वस्तू भराभर टोपलीत टाकल्या आणि रांगेपाशी पोचले, तर रांग पार दारापर्यंत!

"आज एवढी गर्दी कशी?" काउंटरवरच्या बाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"अहो, समोर कुणी वेंधळ्याने पिशवी टाकलीय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "अशा लोकांना खरं म्हणजे घरीच बसवायला पाहिजे. मागवावं फोनवरून!"

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं. आता गुणही लिहून टाकावेत आणि पिशवी रांगेत ठेवून बारावी वस्तूही बघून यावी, म्हणून खांद्यावरची पिशवी काढायला हात घातला.

खांद्यावर खांदाच होता.

काय सांगू तुम्हाला! टोपली तिथेच ठेवली आणि परत रस्ता ओलांडला. पिवळ्याच्या काचेतून आत बघितलं, तर माझी पिशवी रिकाम्या दुकानाच्या मधोमध एकटी उभी. तिच्याभोवती वाळूच्या चार बादल्या. दारात सुरक्षारक्षक, आणि लांब कलिंगडांच्या ढिगाआड मॅनेजर.

"आजी, मागे व्हा! धोका आहे!"

"अहो, धोका कसला, माझी आहे ती."

"तुमची? आत काय आहे?"

"घड्याळ."

"घड्याळ कशाला?"

"तुमची परीक्षा घ्यायला!"

हे उत्तर चुकलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. कलिंगडांच्या मागून मॅनेजर ओरडले, "त्यांच्या घरचा नंबर घ्या आधी!"

नंबर! हे तर माझं क्षेत्र. मी ताठ उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "दोन सात शून्य चार."

"पुढे?"

"पुढे काय? एवढाच."

"आजी, मोबाइलला दहा आकडे असतात."

मी मुलाचा नंबर आठवला. आठवला म्हणजे, आठवायला लागले. मग सुनेचा. ह्यांचा. मोबाइलमध्ये नुसतं त्यांच्या फोटोवर बोट ठेवायचं असतं हो, आकडे बघतं कोण! आणि मोबाइल घरी चार्जिंगला. चारशे नंबर पाठ असलेली बाई, पण सांगायला उरला होता तो फक्त बेकरीवाल्याचा!

तेवढ्यात गजर वाजला.

आमच्या घड्याळाचा गजर म्हणजे पत्र्याच्या डब्यात दहा चमचे घालून कुणी नाचवतंय असा. मॅनेजरांनी कलिंगडांच्या ढिगावर उडी घेतली. ढीग कोसळला आणि कलिंगडं गडगडत दाराबाहेर आली. एक तर थेट रस्ता ओलांडून हिरव्याच्या पायरीशी जाऊन थांबलं. त्याला कोणतं दुकान आवडतं ते कळलं!

शेवटी सुरक्षारक्षकानेच धीर करून पिशवी उघडली. वहीच्या पहिल्या पानावर सुनेने कधीतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'ही वही सापडल्यास या नंबरवर फोन करा.' इतकी वर्षं वही वापरते, पहिलं पान मी कधी बघितलं नव्हतं.

दहा मिनिटांत सून आली. मॅनेजरांची माफी मागितली, कलिंगडं गोळा करायला हातभार लावला, पिशवी खांद्यावर घेतली आणि माझा हात धरून निघाली. खिडकी, खिडकीतली खुर्ची आणि समोरची भिंत, सगळं डोळ्यांपुढे दिसायला लागलं होतं.

घरी मुलगा कंबरेवर हात ठेवून उभा. "झालं समाधान? दे पिशवी."

आणि सून म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"आई जाणार. दर शनिवारी जाणार. एकदा घोळ झाला म्हणून काय त्यांनी घरात कोंडून घ्यायचं? मी त्यांना नंबर पाठ करायला लावीन, पण पिशवी त्यांच्याकडेच राहील!"

हे वर्तमानपत्र खाली ठेवून बघायला लागले. माझे तर डोळेच भरून आले. जन्माला घातलेला मुलगा उलटला आणि परक्या घरून आलेली मुलगी माझ्यासाठी उभी राहिली! मी स्वयंपाकघरात जाऊन तिला जवळ घेतलं. म्हटलं, "किती गं तुला माझी काळजी."

ती लाजली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आई, रागावू नका. शनिवारी तुम्ही जाता, बाबा झोपतात आणि हे गाडी धूत बसतात. आठवड्यातले तेवढेच दोन तास हे घर माझं एकटीचं असतं."

रागवायला मी तोंड उघडलंही होतं. पण दगा दिला तो माझ्या स्मरणशक्तीनेच. मला आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं, आणि दुधाच्या केंद्राकडे पिशवी घेऊन निघालेल्या माझ्या सासूबाई. मी त्यांना रोज सकाळी पाठवायचे. "अहो आई, दूध संपलंय, जरा नंबर लावून येता?" त्या जायच्या, रांगेत चार बायकांशी बोलून खुशीत परत यायच्या. आणि दूध? ते कपाटात झाकून ठेवलेलं असायचं!

मी तोंड मिटलं. "पुढच्या शनिवारी जरा उशिराच येईन," एवढंच म्हटलं. सुनेने पदार्थाची चव बघावी तसं माझ्याकडे बघितलं, आणि हसली.

पिशवी पुन्हा खुंटीवर आहे. दोन दुकानांचा निकाल मात्र लागायचा राहिला, कारण दोन्हीकडून मी रिकाम्या हाताने परतले. बारावी वस्तू कोणती, तेही अजून आठवत नाही. तीन दिवस झाले, जीव खाल्लाय त्या विचाराने! आणि त्यात हे मांजर. सकाळपासून रिकाम्या डब्याशी बसून माझ्याकडे असं टक लावून बघतंय, की मला विचार म्हणून करू देईल तर शपथ!